एका एकरावर एक इंच

सोलापुरात उत्तरा-हस्ताच्या दिवसांत एखादा दांडगा पाऊस होऊन गेला की नगरसेवकाच्या दारात दोन तऱ्हेची माणसं येतात. काहींच्या घरात पाणी शिरलेलं असतं, तर काहींच्या नळाला चार-पाच दिवस पाणी आलेलं नसतं. पुष्कळदा दोघंही एकाच गल्लीतले. पहिल्यांची मागणी ठरलेली असते: गटार मोठं करा. मागणी रास्त आहे, पण अर्धवट आहे. किती पावसासाठी मोठं, किती जागेवरचं पाणी वाहण्यासाठी मोठं, आणि ते पाणी किती मिनिटांत तिथं येऊन थडकणार, हे ठरल्याशिवाय ‘मोठं’ या शब्दाला मापच नाही. इंजिनिअरच्या वहीत ही मापं असतात. नागरिकांच्या निवेदनात ती क्वचितच दिसतात, आणि त्यामुळे उत्तर देणाऱ्याचं फावतं. मापं अवघड नाहीत. सातवीतला गुणाकार येत असेल तर पुरे.

सुरुवात मिलिमीटरपासून करू. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर फरशीवर पडला की होतं बरोबर एक लिटर पाणी. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणून एका गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे शंभर लिटर धरावेत. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला तर त्या गुंठ्यावर पाच हजार लिटर, म्हणजे एक छोटा टँकर ओतला गेला. आता हाच हिशेब सगळ्या शहराला लावा. १९९२च्या हद्दवाढीनंतर सोलापूर महापालिकेचं क्षेत्र १७८ चौरस किलोमीटरच्या वर गेलं. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साधारण ५४५ मिलिमीटर. हद्दीत वर्षभरात पडणारं पाणी भरतं जवळजवळ साडेतीन टीएमसी. उजनीच्या ११७ टीएमसीपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर लांबून उपसून आणावं लागतं आणि हे साडेतीन टीएमसी आपल्याच पत्र्यांवर आणि गच्च्यांवर फुकट उतरतं. पंचाईत इतकीच, की ते वर्षभर बेताबेतानं उतरत नाही. त्यातला मोठा वाटा मोजक्या सरींमध्ये येतो, आणि सोलापूरचा सर्वांत ओला महिना जुलै नसून सप्टेंबर असतो.

वर्तमानपत्रात येणारा पावसाचा आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो. हवामान खातं त्यावरूनच वर्गवारी करतं: ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. शेतकऱ्याला हा आकडा पुरतो. गटार बांधणाऱ्याला तो जवळजवळ निरुपयोगी आहे. १०० मिलिमीटर पाऊस चोवीस तास रिपरिपत पडला तर तासाला चार मिलिमीटर होतो. त्यानं चप्पलही धड भिजणार नाही. तोच दोन तासांत कोसळला तर तासाला ५० होतो आणि दुचाक्या वाहू लागतात. पावसाच्या वेगाच्या या मापाला तीव्रता म्हणतात आणि ती मिलिमीटर प्रतितासात सांगतात. ती मोजायला बाटलीत पाणी साठवणारं साधं पर्जन्यमापक चालत नाही. दर काही मिनिटांनी आपोआप नोंद करणारं यंत्र लागतं. अशा यंत्रांच्या वीस-तीस वर्षांच्या नोंदींतून आलेख काढतात. पंधरा मिनिटांच्या पावसाची तीव्रता किती असू शकते, तासाभराची किती, तीन तासांची किती, हे त्यावर दिसतं. तीव्र सर फार वेळ टिकत नाही आणि फार वेळ टिकणारा पाऊस सहसा तितका तीव्र नसतो, म्हणून तो आलेख डावीकडून उजवीकडे उतरत जातो. कुठल्याही पावसाळी गटाराच्या रचनेत हा आलेख पहिला कागद असायला हवा. तो त्या शहराचा हवा. मुंबईचा आलेख सोलापूरला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा शर्ट शिवून घेणं.

त्या आलेखावर एक रेघ नसते, अनेक असतात: दोन वर्षांची, पाच वर्षांची, पंचवीस वर्षांची. हा पुनरावृत्ती काळ. त्याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कुठल्याच मापाबद्दल नसेल. ‘पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ म्हटलं की लोक समजतात, गेल्या वर्षी येऊन गेला, आता चोवीस वर्षं काळजी नाही. पावसाला असं वेळापत्रक माहीत नसतं. त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पाऊस येण्याची शक्यता शंभरात चार. लागोपाठ दोन वर्षंही तो येऊ शकतो. आणि पंचवीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात चौसष्ट आहे, शंभर नाही. शहरांतली गटारं एवढ्या मोठ्या पावसासाठी बांधतच नाहीत. केंद्र सरकारनं २०१९मध्ये पावसाळी गटारांसाठी नियमपुस्तिका काढली. शहराचा आकार आणि त्या भागाचं महत्त्व पाहून काळ निवडावा, असं तिचं सांगणं, आणि नेहमीच्या वस्त्यांसाठी तो काळ पाच वर्षांच्या आतबाहेरच राहतो. पाच वर्षांच्या पावसासाठी बांधलेलं गटार दर वर्षी शंभरात वीस शक्यतेनं तुंबणार, हे ते बांधतानाच मान्य केलेलं असतं. यात लबाडी नाही, खर्चाचा हिशेब आहे. लबाडी आहे ती हा हिशेब लोकांपासून लपवण्यात. गटाराच्या उद्घाटनाच्या फलकावर खर्च असतो, नावं असतात. ‘हे गटार तासाला इतक्या मिलिमीटरसाठी, इतक्या वर्षांच्या पुनरावृत्ती काळासाठी’ ही एक ओळ मात्र मी अजून कुठे वाचलेली नाही.

मुंबईचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. तिथली जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती, आणि पडलेल्या पाण्यातलं निम्मंच गटारात येईल असं धरलेलं होतं. पावसाळी गटारांवरच्या १९९३च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानं तीव्रता ५० वर नेली. ती कामं रखडली आणि २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. तेवढ्या पावसाला ५० मिलिमीटरचं गटारही पुरलं नसतं, हे खरं. पण त्याच्या निम्म्या-पाव पावसातही जे भाग बुडत होते ते बुडायचे थांबले असते.

सोलापूरला अशी परीक्षा १४ ऑक्टोबर २०२०ला द्यावी लागली. आदल्या दिवशी काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागलेली कमी दाबाची प्रणाली तेलंगण आणि उत्तर कर्नाटक ओलांडत इकडे आली. हैदराबादेत हाहाकार झाला, पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला, आणि पर्जन्यछायेत राहतो म्हणून निर्धास्त असणाऱ्या आपल्या जिल्ह्याला पाण्यानं वेढलं. कमी पावसाचा प्रदेश आणि कमी तीव्रतेचा प्रदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरासरी साडेपाचशेची असली तरी सर येते तेव्हा ती कोकणातल्या सरीला लाजवणारी असू शकते.

आता पडलेल्या पाण्यापैकी वाहतं किती? या मापाला अपधाव गुणांक म्हणतात. शून्य म्हणजे सगळं जिरलं, एक म्हणजे सगळं वाहिलं. पत्र्याचं छप्पर, काँक्रीटचा रस्ता, फरशी यांचा गुणांक ०.८ ते ०.९५. सैल मुरमाचं पटांगण किंवा गवताची सपाट जमीन ०.१ ते ०.३. आपल्याकडची काळी माती मात्र मोठी लहरी. उन्हाळ्यात तिला हाताएवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस ती गटागटा पिते. एकदा भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मग तासाला एक-दोन मिलिमीटरही आत घेत नाही. म्हणजे जूनच्या पहिल्या सरीला आणि सप्टेंबरच्या सरीला एकाच शेताचा गुणांक वेगवेगळा. मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, तोही माती भरलेली असताना.

अपधावाचा हा हिशेब सोलापूरला नवा नाही. १९३३मध्ये इथं कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात कोरडवाहू शेतीची जी पद्धत बसवली, ती ‘मुंबई पद्धत’ म्हणून देशभर गेली. समपातळीवर बांध घाला, खोल नांगरा, वारंवार कुळवून जमीन मोकळी ठेवा, पेरणी विरळ करा; या सगळ्याचा गाभा एकच होता, की शेतावर पडलेलं पाणी शेताबाहेर जाऊ द्यायचं नाही. हस्ताच्या पाण्याची ओल धरून ठेवली तर मालदांडी ज्वारी पुढं एकाही पावसाशिवाय निघते, हे मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. गंमत अशी, की त्याच जिल्ह्याच्या शहरात आपण नव्वद वर्षांनी नेमकं उलटं काम जोरात चालवलं आहे. अंगणात पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या दोन्ही कडांपर्यंत काँक्रीट, झाडाच्या बुंध्यालाही सिमेंटची कॉलर. अपधाव शून्याकडे न्यायला एक पिढी राबली, दुसरी तो एककडे नेते आहे.

चौथं माप वेळेचं. पाणलोटातल्या सर्वांत लांबच्या टोकावर पडलेला थेंब गटाराच्या तोंडापर्यंत यायला जितकी मिनिटं लागतात, तो संकेंद्रण काळ. हे माप का लागतं, ते आषाढीच्या आधी वाखरीला उभं राहिलं की कळतं. लांबच्या दिंड्या आधी निघालेल्या, जवळच्या उशिरा. पण सगळ्या एकाच वेळी तिथं पोचतात तेव्हा गर्दी टोकाला जाते. पाण्याचंही तसंच. पाऊस संकेंद्रण काळाइतका टिकला तर लांबचं आणि जवळचं पाणी एकाच क्षणी तोंडाशी येतं आणि विसर्ग सर्वांत जास्त होतो. हा काळ काढायचं एक सूत्र किर्पिच नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं १९४०मध्ये टेनेसीतल्या शेतजमिनींच्या नोंदींवरून दिलं. लांबी आणि उतार घातले की मिनिटं मिळतात. सहाशे मीटर लांबी आणि शंभराला एक उतार असेल तर उत्तर येतं सुमारे सोळा मिनिटं. त्याच उताराच्या गवताळ रानात पाणी अडखळत येतं, म्हणून काळ दुप्पट धरतात. काँक्रीटवर तो निम्म्याहून कमी होतो.

या काळाइतक्या पावसाची तीव्रता आलेखावरून घ्यायची आणि मग गुणाकार करायचा: गुणांक गुणिले तीव्रता गुणिले क्षेत्र. आयर्लंडमध्ये मल्व्हनी यांनी १८५१च्या सुमारास ही रीत मांडली आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराची गटारं आखताना कुइशलिंग यांनी १८८९मध्ये ती रूढ केली. जगभर लहान पाणलोटांसाठी आजही हीच वापरतात. मेट्रिक मापांत उत्तर घनमीटर प्रतिसेकंदात हवं असेल तर हेक्टर आणि मिलिमीटर वापरून शेवटी ३६०नं भागावं लागतं. पण आपल्या आजोबांच्या मापांत भागायचीच गरज नाही. एका एकरावर तासाला एक इंच पाऊस पडून सगळा वाहिला, तर विसर्ग होतो एक क्युसेक. फरक शंभरात एकाहूनही कमी. उजनीतून किती क्युसेक सोडले याची रोज चर्चा करणाऱ्या जिल्ह्यात हे समीकरण चहाच्या टपरीवर पाठ असायला हरकत नाही.

एक कल्पित नगर घेऊ. जुळे सोलापूर किंवा शेळगीच्या बाजूला जशी शेतं जाऊन प्लॉट पडले तसं, दहा हेक्टरचं, म्हणजे पंचवीस एकरांचं. शेत होतं तेव्हा गुणांक ०.३, पाणी तोंडाशी यायला चाळीस मिनिटं, आणि तेवढ्या अवधीच्या पावसाची तीव्रता ५० धरली तर विसर्ग येतो ०.४२ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे पंधरा क्युसेक. ओढ्याला तेवढ्याची सवय होती. आता घरं झाली, रस्ते झाले, गुणांक ०.७५. निव्वळ यानं विसर्ग अडीच पट होतो, १.०४. बहुतेकांचा हिशेब इथं थांबतो. पण काँक्रीटवरून पाणी पंधरा मिनिटांत पोचतं, आणि मघाच्या आलेखावर पंधरा मिनिटांच्या पावसाची तीव्रता चाळीस मिनिटांच्या पावसाहून बरीच जास्त असते. ती ८० धरा. विसर्ग १.६७, म्हणजे एकोणसाठ क्युसेक. ढगात काहीही बदल न होता ओढ्यात चौपट पाणी आलं. ‘पूर्वी असं पाणी यायचं नाही हो’ असं म्हणणारे म्हातारे बरोबर सांगत असतात. हवामान बदललं असेल किंवा नसेल. जमीन नक्कीच बदलली.

आता गटार. एक मीटर रुंद, आत एक मीटर उंचीपर्यंत पाणी, काँक्रीटचं, पाचशेला एक उताराचं. पाचशेला एक म्हणजे शंभर मीटर लांबीत वीस सेंटिमीटर उतरंड. हे गटार किती पाणी वाहील ते सांगणारं सूत्र रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याचं, तेही १८८९चंच. पाण्याचा काटछेद, पाण्याला टेकलेल्या भिंतींची आणि तळाची लांबी, उतार आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा एवढंच त्यात लागतं. खडबडीतपणाचा अंक गुळगुळीत काँक्रीटला ०.०१३ ते ०.०१५, मातीच्या नाल्याला ०.०२५ किंवा जास्त. आपल्या गटाराचं उत्तर येतं सेकंदाला सुमारे १.४३ मीटर वेग आणि तेवढेच घनमीटर विसर्ग. म्हणजे १.०४ सहज जाईल, १.६७ जाणार नाही. मघाचा दुसरा हिशेब विसरणाऱ्यानं बांधलेलं गटार असं पहिल्याच मोठ्या पावसात उघडं पडतं.

आणि हे झालं स्वच्छ गटाराचं. तळाशी तीस सेंटिमीटर गाळ बसू द्या. खोली शंभरात तीसनं घटली, क्षमता १.४३ वरून ०.९२ वर येते. गाळावर प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, बांधकामाचा राडारोडा आला की खडबडीतपणाही वाढतो. तो ०.०२५ धरला तर उरते ०.५५. तीस टक्के गाळानं साठ टक्क्यांहून जास्त क्षमता खाल्ली. मे महिन्यातल्या नालेसफाईची बिलं चेष्टेचा विषय असतात, पण खरोखर साफ झालेला मीटरभराचा नाला घाणीनं भरलेल्या दोन मीटरच्या नाल्याला भारी पडू शकतो. गाळ मुळात बसू नये म्हणून पाण्याचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर राहील असा उतार द्यावा लागतो. सपाट जागी तो मिळत नाही, आणि मग दर वर्षी जेसीबी बोलवावा लागतो.

रस्त्याखालच्या मोऱ्यांत ह्यूम पाइप टाकतात. इथं एक अंकगणित लक्षात ठेवण्याजोगं आहे. पाइपचा व्यास दुप्पट केला तर क्षमता दुप्पट होत नाही, चौपटही नाही. ती सव्वासहा पटींहून थोडी जास्त होते. ९०० मिलिमीटरचा एक पाइप ६०० मिलिमीटरच्या जवळपास तीन पाइपांचं काम करतो. त्यामुळे ‘जुना लहान पडला, शेजारी तसाच एक अजून टाकला’ ही दुरुस्ती पाहिली की हळहळ वाटते. तोंडं दोन झाली की कचरा अडकायच्या जागाही दोन होतात, हे वेगळंच.

मोठं गटार असून रस्त्यावर पाणी साचलेलं पाहायचं असेल तर फार लांब जायला नको. गटाराच्या झाकणाजवळ खाली वाकून बघा. रस्त्याच्या कडेला पाणी आत घ्यायला जी फट किंवा जाळी ठेवतात, ती बहुधा वीतभर रुंद असते आणि तिच्यात गुटख्याच्या पुड्या, निंबोळ्या आणि वाळू घट्ट बसलेली असते. आत मीटरभराचं गटार कोरडं, बाहेर गुडघाभर पाणी. कधी रस्त्यावर थरावर थर चढवल्यानं कडेचा उतारच उलटा झालेला असतो; रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे शंभराला दोन-अडीचचा ढाळ असावा, तो हरवतो. कधी नवं गटार जिथं नाल्याला मिळतं तिथं त्याचा तळ नाल्याच्या पुराच्या पातळीखाली असतो. नाला फुगला की गटारातलं पाणी पुढं जाण्याऐवजी मागं चढतं. सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला मोठा पूर आला आणि माढा, करमाळा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली; अशा पुरात तिला मिळणाऱ्या ओढ्यांची हीच अवस्था होते. नदीसाठी पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा आखतात. गटाराच्या नकाशावर ती पातळी आधी लिहून मगच तळाची पातळी ठरवायला हवी.

पाणी पळवण्याचं हे झालं. पण चौपट विसर्गाला चौपट गटार बांधायचं म्हटलं तर ते ज्या ओढ्याला मिळतं तो ओढा, त्यावरचा पूल, पुढची वस्ती सगळंच चौपट हवं. दुसरी वाट आहे थोपवून धरण्याची. आपल्या नगरातून जास्तीत जास्त १.६७ येतात आणि ओढ्याला ०.४२ची सवय आहे. फरक सव्वा घनमीटर, आणि तो टिकतो पंधराएक मिनिटं. गुणाकार केला तर सुमारे अकराशे घनमीटर. तीस मीटर बाय चाळीस मीटरचं मैदान मीटरभर खोलगट केलं की एवढं पाणी मावतं. जागा लागली बारा गुंठे. दहा हेक्टरच्या लेआउटमध्ये नियमानं एक हेक्टर, म्हणजे शंभरेक गुंठे, खुली जागा सोडावीच लागते. मुलांनी वर्षाचे तीनशे साठ दिवस तिथं क्रिकेट खेळावं, उरलेल्या चार-पाच दिवशी काही तास पाणी उभं राहावं आणि तळाच्या लहान तोंडातून हळूहळू ओढ्यात जावं. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा चुकत नाही. त्याऐवजी आपण काय करतो? खुल्या जागेत भराव टाकून ती रस्त्यापेक्षा फूटभर वर घेतो आणि भोवती भिंत बांधतो.

सोलापूरला हे सांगण्यात थोडा ओशाळेपणाही आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी खोदवलेला म्हणून परंपरा ज्याच्याकडे बोट दाखवते, तो सिद्धेश्वर तलाव भुईकोट किल्ल्याला लागून भर शहरात आहे. विजापूर रोडला कंबर तलाव आहे. उत्तरेला आदिला नदीवर १८७१मध्ये पुरा झालेला एकरूख, म्हणजे आपला हिप्परगा तलाव. दोन किलोमीटरांहून लांब आणि एकवीस मीटर उंचीचा मातीचा बांध. तलावाकडे पुराच्या नजरेनं पाहताना दोन पातळ्या बघायच्या: पाणी आज कुठे आहे आणि सांडवा कुठे आहे. या दोन्हींमधली रिकामी उंची म्हणजेच पूर झेलायची ताकद. दहा हेक्टर पसाऱ्याच्या तलावात अर्धा मीटर रिकामा असेल तर पन्नास हजार घनमीटर पाणी तो एका रात्रीत गिळतो; काठोकाठ भरलेला असेल तर आलेलं पाणी जवळजवळ जसंच्या तसं पुढं ढकलतो. गाळ काढल्यानं साठा वाढतो, पण पूर झेलण्याची ताकद वाढतेच असं नाही, कारण खाली वाढलेली जागा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच भरून जाते. तलावाला ‘सुशोभित’ करताना काठाला उभी भिंत घालून आत येणाऱ्या ओहळांची तोंडं बुजली, तर तलाव राहतो आणि त्याचं काम संपतं.

घराच्या पातळीवर हीच मापं लहान होऊन येतात. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सोलापूरच्या सरासरी पावसात वर्षाला सुमारे त्रेचाळीस हजार लिटर पाणी हाती लागतं. माणशी १३५ लिटरच्या शहरी मानकानं पाच जणांच्या घराला दोन महिने पुरेल एवढं. पहिल्या एक-दोन मिलिमीटर पावसात धूळ आणि पाखरांची घाण येते, ते शे-दोनशे लिटर बाजूला सोडायचे. पाणी जिरवायचं असेल तर शोषखड्डा. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्याचं घनफळ आठ घनमीटर. पण तो दगड-गोट्यांनी भरला की पोकळी उरते साधारण चाळीस टक्के, म्हणजे बत्तीसशे लिटर. तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत आपली गच्ची चार हजारांवर लिटर देते. तेव्हा खड्ड्याला वरची सांड हवीच, आणि ती शेजाऱ्याच्या पायाकडे जाता कामा नये. खोलगट बाग केली तर पाणी पंधरा ते तीस सेंटिमीटरपर्यंतच उभं राहू द्यावं आणि दोन दिवसांत ते आटायला हवं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दोन दिवसांची मर्यादा ठेवली की धोका राहत नाही.

खड्डा कुठं घ्यायचा हे सोलापुरात मातीच ठरवते. काळ्या मातीत घेतलेला खड्डा म्हणजे हौद. पाणी तिथं आठवडाभर तसंच उभं राहतं आणि पायाखालची माती फुगून भिंतींना तडे जातात. काळीचा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जायला हवं. कुठं तो दोन फुटांवर लागतो, कुठं दहा फुटांवरही लागत नाही. तपासायची रीत बिनपैशाची आहे. हव्या त्या खोलीवर फूटभराचा चौकोनी खळगा करायचा, आदल्या दिवशी पाणी भरून तो भिजवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून आत पट्टी उभी करायची आणि दर अर्ध्या तासानं पातळी वाचायची. उन्हाळ्यात न भिजवता वाचली तर भेगांमुळे आकडा फसवा येतो. पाणी तासाला सव्वा सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल, तर त्या जागी शोषखड्ड्याचा नाद सोडून तेवढ्याच पैशांत टाकी बांधावी.